वारुळाची जागा

"अगं, बाहेर ये लवकर. माझ्या लॉनची पार वाट लागली!"

ह्यांचा आवाज ऐकून मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर धावले. आदल्या संध्याकाळी जिथं नुसतं हिरवंगार गवत होतं, तिथं फाटकाच्या उजव्या कोपऱ्यात पंचवीस-तीस कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. पांढऱ्याफटक, काही तर बशीएवढ्या. हे लुंगी वर खोचून त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. बेळगावहून गवताचे गालिचे टेम्पोत घालून आणून, दोन वर्षं रोज स्वतः पाणी देऊन ह्यांनी ते लॉन जोपासलं होतं. तालुक्याच्या आमच्या त्या गावात दुसरं लॉन नव्हतं. लोक येता-जाता फाटकापाशी थांबून बघायचे आणि हे पेपराआडून मिशीतल्या मिशीत हसायचे.

"रविवारी ती मंडळी चहाला येणार, आणि हे असलं काहीतरी," हे कळवळून म्हणाले.

"सगुणा येईल आत्ता. तिला उपटायला सांगते. त्यात काय एवढं?" असं म्हणून मी पोळ्यांकडे वळले.

ती मंडळी म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे तिघे विश्वस्त. जूनमध्ये मोठ्या बाई निवृत्त झाल्या होत्या, मुख्याध्यापिकेची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीवर माझा आणि इंग्रजीच्या घोरपडे सरांचा डोळा होता. चहाला येणं हे निमित्त. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, बाईंच्या नावाला कुठं डाग नाही ना, हे बघून जायचं होतं त्यांना. थोडक्यात काय, अडतिसाव्या वर्षी माझा पुन्हा एकदा दाखवण्याचा कार्यक्रम होता. सतरा वर्षं मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होते. ती खुर्ची मला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती, हे कबूल करायला मला आजही काही वाटत नाही.

सगुणा आमच्याकडं धुणंभांडी आणि बागेची झाडलोट करायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, तरी मी तिला अगंतुगं करायची. तशी तिथं रीतच होती. पाच वर्षांपूर्वी बंगल्याचा पाया खणायला घेतला, तेव्हा फाटकाच्या त्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. ठेकेदाराच्या माणसांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पहारी घालून दोन तासांत ते सपाट केलं. एक बाई रस्त्यापलीकडं उभी राहून ते सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, काम मागायला येते आणि बोलायला लाजते. म्हणून मीच विचारलं, "बंगला झाल्यावर कामाला येशील का?" ती लगेच हो म्हणाली.

छत्र्या उगवल्या त्या गुरुवारी सगुणा फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थांबली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तिनं चपला काढल्या, अनवाणी लॉनवर गेली आणि त्या छत्र्यांपाशी जाऊन चक्क उकिडवी बसली. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली, मोरीत भांड्याचा आवाज नाही. मी हाक मारणार, एवढ्यात ती एक छत्री हातात घेऊन खिडकीपाशी आली. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता.

"बाई, आली," ती म्हणाली.

"काय आली?"

"अळंबी. पाच वर्सं न्हवती. म्या म्हटलं, वारूळ गेलं, आता अळंबी बी गेली. पर जागा इसरली न्हाई बगा."

मग तिनं आवाज खाली आणून जे सांगितलं ते मी पोळ्या भाजता भाजता अर्ध्या कानानं ऐकलं. त्या वारुळाची अळंबी ही तिच्या आईची जागा. आईला तिच्या आईनं दाखवलेली. श्रावणात तीनदा यायची, पहाटेच्या अंधारात जाऊन आणायची, आणि जागा कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही, फक्त लेकीला दाखवायची. सगुणानं ती आपल्या लेकीला, वैजूला दाखवायची म्हणून ठेवली होती, तोवर माळावर आमच्या कॉलनीचे दगड पडले.

"न्हेऊ का मी?" तिनं विचारलं. "वैजू आलीया न्हवं बाळंतपणाला. सातवा लागलाय. पयलटकरीण पोर, तोंडाला चव न्हाई. आंबट नको, गोड नको, नुसतं 'आये, अळंबी' करतीया. वरल्या रानात तीनदा जाऊन आले. काजूच्या बागंसाठी समदं खणून ठेवलंय तितं."

"ने की मग. मला नकोच आहेत त्या."

"पर कुणाला बोलू नगा हां. आणणाऱ्यानं आन खाणाऱ्यानं जागा सांगायची नसती. सांगितली तर खाल्लेलं बाधतं." मग जरा विचार करून म्हणाली, "मालकाचं तसं न्हाई म्हना. मालकानं सांगितलेलं चालतंय. पर तुमी तरी कशाला सांगताय?"

मला हसू आलं. अंधश्रद्धा या विषयावर नववीच्या वर्गात तास तासभर बोलणारी बाई मी. पण सकाळच्या घाईत कामवालीला कुठं शिकवत बसायचं, म्हणून नुसतं "बरं बरं" म्हणाले.

ती तरी जाईना. हातातली छत्री उलटी करून तिनं खिडकीच्या गजांपाशी धरली.

"चांगलीच असतील न्हवं, बाई? आमची हुती ती टोकाला निमुळती असायची. ही पसरट हायत. आन तिची मुळी हातभर खाली जायाची, वारुळात. हिला मुळीच न्हाई. रोजचं पाणी पिऊन अशी झाली असतील का? तुमी शाळंत शिकिवता ह्ये समदं. बगा की जरा."

मी बघितलं. छत्रीच्या पोटातल्या पात्यांना फिकट हिरवी झाक होती. गवताचा रंग पडला असेल, असं मनाशी म्हटलं आणि पोळी उलटली. त्याच महिन्यात मी नववीला कवकं शिकवली होती. सर्व भूछत्रं खाण्याजोगी नसतात, ओळख पटल्याशिवाय कोणतंही भूछत्र खाऊ नये, हे वाक्य मुलींकडून दोनदा लिहून घेतलं होतं. पण घड्याळात नऊ वाजत आले होते आणि चाचणीचे अठ्ठावन्न पेपर तपासायचे राहिले होते.

"हो गं, चांगलीच असणार. आमच्या बागेत कुठलं विषारी यायला? सगळी घेऊन जा. एकही ठेवू नकोस, रविवारी पाहुणे आहेत."

तिनं ओटी भरल्यासारखी पदरात एकेक करून घेतली. चार-पाच किडकी निघाली, ती मी सांगितलं म्हणून मागच्या खतखड्ड्यात टाकली. भांडी घासून झाल्यावर जाता जाता पुन्हा खिडकीशी आली.

"बाई, तुमच्या दारातनं माझ्या लेकीचं डोहाळं पुरं झालं," असं म्हणाली आणि झपाझप निघून गेली.

संध्याकाळी साडेपाचला शाळेतून परत येताना डॉक्टर हेरवाडकरांच्या दवाखान्यासमोर सगुणाच्या वाडीतल्या बायका जमलेल्या दिसल्या. मी चालता चालताच विचारलं, "काय झालं गं?"

"सगुणीची वैजू. उलट्या थांबंनात. अळंबी खाल्ली म्हनं."

पाय घराकडं ओढत होते, तरी मी आत गेले, हे मात्र खरं.

वैजू खाटेवर कुशीला वळून पडली होती. हाताला सलाईन, खाली घमेलं, ओठ कोरडे पडून पांढरे झालेले. मोठं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं तिनं. पायाशी सगुणा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. तिनं स्वतः नुसता रस्सा खाल्ला होता, फोडी सगळ्या पोरीला घातल्या होत्या.

डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती. मला बघून त्यांना हायसं वाटलं.

"बरं झालं आलात, बाई. ही काही धड सांगेना. दुपारी दीडला जेवली, तीनपासून हे चाललंय." ते सगुणाकडं वळले. "हे बघ, शेवटचं विचारतो. कुठून आणलीस अळंबी?"

सगुणा बोलेना. डॉक्टरांनी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "रानातली."

"कुठल्या रानातली?"

"वरल्या."

डॉक्टर कपाळाला हात लावून माझ्याशी बोलू लागले. पण सगळ्यांना ऐकू जावं असंच बोलत होते. "अडचण अशी आहे बघा. अंगणात, गवतात येणारी एक जात असते. तिनं नुसते उलट्या-जुलाब होतात. तेवढंच असेल तर मी हिला इथंच ठेवतो, सलाईनवर दोन दिवसांत उठून बसेल. पण रानात दुसरी एक जात मिळते, ती यकृत खाते. पहिल्या दिवशी कळतसुद्धा नाही. रानातल्या भाजीत तसली एखादी मिसळली असेल, तर माझ्याकडं काही इलाज नाही. कोल्हापूरला हलवायला पाहिजे. आणि सातव्या महिन्यात, अंगातलं एवढं पाणी गेलेलं असताना, त्या खड्ड्यांतनं अडीच तास जीपमधून न्यायचं, हे काही मला बरं वाटत नाही. एखादी उरली असेल तर आणा. नुसती बघितली तरी मी सांगतो."

"समदी शिजवली की वं," शेजारची बाई म्हणाली.

तेव्हा सगुणानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, बघतच राहिली. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलेनात. मला वाटलं, ती मला धीर देतेय. घाबरू नका बाई, तुमचं नाव मी घेणार नाही, असं सांगतेय. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तिची कीव आली नाही, हायसं वाटलं.

डॉक्टरांनीही तिची नजर पाहिली. "तुमच्याकडंच कामाला आहे ना ही? बाई, तुम्हाला काही माहीत आहे का?"

घर तिथून दहा मिनिटांवर होतं. खतखड्ड्यात वरच चार-पाच छत्र्या पडल्या होत्या. मला सगळं दिसत होतं. पण त्याहून जास्त स्पष्ट ऐकू येत होतं ते दुसरंच. विज्ञानाच्या बाईंनी कामवालीच्या गरोदर पोरीला विषारी अळंबी खायला दिली. उद्या सकाळपर्यंत हे घोरपडे सरांच्या कानावर, दुपारपर्यंत विश्वस्तांच्या. इतकी वर्षं एका वाक्यात वाहून गेली असती.

"नाही हो, डॉक्टर," मी म्हणाले. "मी सकाळपासून शाळेत होते."

सगुणानं मान खाली घातली. वैजूला पुन्हा उमळून आलं आणि तिनं घमेल्यावर वाकताना आईचा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, "रानातलीच असेल तर जोखीम नको. जीप बोलवा."

मी धावत घरी गेले. लोकरीची शाल घेतली, थर्मासमध्ये गरम पाणी भरलं. मागच्या दारानं गेले आणि मागच्या दारानंच आले, म्हणजे दोन्ही वेळा खतखड्ड्यावरून. जीप सुटताना मी ती शाल स्वतःच्या हातानं वैजूच्या अंगावर घातली. "काळजी करू नकोस गं," असंही म्हणाले. बायका एकमेकींना सांगत होत्या, बाई किती माणुसकीच्या आहेत बघ.

अर्ध्या वाटेत, एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाशी जीप थांबवावी लागली. मुलगा होता. तो रडलाच नाही. सगुणानं त्याला माझ्या शालीत गुंडाळलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी वैजूच्या सगळ्या तपासण्या केल्या. यकृताला काही झालेलं नव्हतं. दोन दिवस सलाईन देऊन तिला घरी पाठवलं.

मी ते ऐकलं तेव्हा वर्गात होते. शिपाई सांगून गेला. फळ्यावरची आकृती मी तशीच पुरी केली.

जीप गेली त्या संध्याकाळीच मी खतखड्ड्यावर चार घमेली माती ओढली होती. ह्यांनी विचारलं, "हे काय मधेच?" मी म्हणाले, "वास येत होता." ह्यांना काहीच माहीत नव्हतं आणि पुढंही मी कधी सांगितलं नाही. रविवारी विश्वस्त आले, लॉनवर वेताच्या खुर्च्या टाकून बसले. एक गृहस्थ त्या कोपऱ्यातल्या गवतावर पाय पसरून म्हणाले, "काय राखलंय हो! स्वच्छता म्हणजे स्वच्छता." पुढच्या महिन्यात मी मुख्याध्यापिका झाले.

पाच आठवड्यांनी सगुणा कामावर आली. मोरीत जाऊन भांड्यांना बसली. मी चहा पुढं केला, तो तिनं घेतला. त्या दिवशीपासून मी तिला "सगुणाताई, तुम्ही" म्हणायला लागले. ती आधी बावरली, मग तिलाही सवय झाली.

वैजूला पुन्हा दिवस गेले नाहीत. दोन-अडीच वर्षं वाट बघून सासरच्यांनी मुलाचं दुसरं लग्न लावलं, आणि ती कायमची आईकडं आली. ओळखीनं मी तिला काजूच्या कारखान्यात लावून दिली. काजू सोलून सोलून तिच्या बोटांची कातडी काळी पडली. रस्त्यात भेटली की थांबून "बऱ्या हाईसा का, बाई?" विचारायची. मला तिच्या बोटांकडं बघवायचं नाही आणि तोंडाकडं तर त्याहून नाही.

छत्र्या दर श्रावणात येत असणार. मला कधी दिसल्या नाहीत. सकाळी उठून बघावं, तर कोपऱ्यातलं गवत चिमूट-चिमूट उकरल्यासारखं दिसायचं आणि सगुणाताई अंगण झाडत असायच्या. मला वाटायचं, ही बाई आजही मला सांभाळते. मला ते बघून कसंतरी व्हायला नको, म्हणून उजाडायच्या आत येऊन उपटून टाकते. एवढ्या वर्षांत माझं नाव हिनं कुणाजवळ काढलं नाही. देवमाणूस म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणायची. आणि दिवाळीला तिला साडी घेताना जरा जास्तच भारी घ्यायची.

वीस वर्षं अशीच गेली. मी निवृत्त झाले. मुलगा पुण्याला स्थायिक झाला होता, आम्हीही तिकडंच जायचं ठरलं. हे आधीच पुण्याला गेले होते. बंगल्याचा व्यवहार झाला होता, नवे मालक त्या दिवशी माप घ्यायला येणार होते. श्रावणच होता. सामान बांधून झालं होतं, आणि सगुणाताई नेहमीसारख्या त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. आता त्या पासष्टीच्या झाल्या होत्या, बसल्या की उठायला जमिनीला हात टेकावा लागायचा. मी शेजारी जाऊन उभी राहिले. जायच्या आधी हे बोलायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. वाक्यं पाठ केली होती म्हणा ना.

"सगुणाताई, एक बोलायचं राहिलंय."

"बोला की."

"त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. पोटची पोर समोर तळमळत असताना मला सांभाळून घेतलंत. मी मात्र... तुमचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"तुमचं नाव?" त्या म्हणाल्या. "तुमचं नाव कशाला मदी येतंय?"

"म्हणजे, तुम्ही रानातली म्हणालात ना. माझ्यासाठीच ना?"

"तुमच्यासाठी?" त्यांनी मान हलवली. "न्हाई वं, बाई. जागा कशी सांगू मी? पोर खाऊन पडलेली समोर. मी त्वांड उघडलं आन तिला आणिक बाधलं म्हंजी? ह्याच वारुळावर हात ठिवून आयनं शपथ घ्यायला लावली हुती मला. जीभच उचलंना माझी." त्यांनी गवताची काडी तोडली. "तुमाला कुठली शपथ? तुमी मालक. तुमी सांगितलेलं चालत हुतं. म्हणून तर तुमच्याकडं बगत हुते."



"डॉक्टरनी तुमास्नी इचारलं न्हवं," सगुणाताई म्हणाल्या, "तवा मला वाटलं, सुटली माझी पोर. बाई आता सांगतील."

मी तिथंच गवतावर बसले. वीस वर्षं ज्या नजरेला मी माफी समजत होते, ती नजर मला बोल म्हणत होती. हात जोडून, डोळ्यांत जीव आणून बोल म्हणत होती. आणि मी "शाळेत होते" म्हणाले होते. मला रडू फुटलं. सगुणाताईंनी मला रडू दिलं. पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही.

"राग नाही आला तुम्हाला?" मी विचारलं. "इतकी वर्षं माझ्या घरी का येत राहिलात मग?"

"आला की. लई आला. तुमची भांडी आपटून फोडावीत, असं वाटायचं." त्या शांतपणे म्हणाल्या. "पर जागा हितं हाय न्हवं. वारूळ वरनं पाडलं तरी खाली जित्तं असतंय, आय म्हणायची. येईल कवातरी खरी अळंबी. दर साली येऊन बगते. ही असली खोटी आली की उपटून टाकते, कुणी न्हेऊन खाऊ नये म्हणून. खरी आली की वैजूच्या त्वांडात एकडाव घालायची हाय. डोहाळ्याची अळंबी तिनं अजून खाल्लीच न्हाई, बाई."

फाटक वाजलं. नवे मालक आणि टेप घेतलेला एक माणूस आत आले. मालक तरुण होते, हसतमुख होते. मला गवतावर बसलेली बघून "बसा, बसा" म्हणाले आणि माणसाला सांगू लागले, "हे सगळं गवत काढायचं. फाटकापासून पायरीपर्यंत फरशी. दोन गाड्या आत लागल्या पाहिजेत." टेप ओढत तो माणूस आमच्यापर्यंत आला. मालकांनी कोपऱ्यातलं उकरलेलं गवत पाहिलं.

"इथं खाली काही आहे का, बाई? टाकीबिकी?"

सगुणाताईंनी माझ्याकडं बघितलं. तेच बघणं होतं.

मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. वारूळ सांगितलं, सगुणाताईंची आई सांगितली, वैजू सांगितली, डॉक्टरांना मी काय बोलले होते तेही सांगितलं. एवढा कोपरा सोडा म्हणून परक्या माणसापुढं पदर पसरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टेपवाला मधेच घड्याळ बघत होता.

"बघू की, बाई. नक्की बघू," मालक म्हणाले.

गणपतीच्या आत फरशी बसली, असं वैजूनं मला पुण्याला फोन करून सांगितलं. आई अजून दर श्रावणात सकाळी जाऊन त्या फाटकाशी उभी राहते, हेही तीच सांगते. नवी माणसं चांगली आहेत म्हणे, तिला हाकलत नाहीत.